लिंबांचा ट्रक आणि दोन परीक्षक

तुकुमान, ९ एप्रिल

श्यालकश्रेष्ठ लिसांद्रो यांस,

तू मला फोनवर ब्लॉक करून ठेवलं आहेस. तुझ्या ताईला नाही, सासूबाईंना नाही, त्या विमा विकणाऱ्या चिकट माणसालासुद्धा नाही; फक्त मला. म्हणून हा कागद. वर डोंगरात ताफीला जाणारी बस चालवणारा रोके तो तुझ्या हातात देईल. चीजवाल्याच्या दुकानात ठेवू नकोस असं त्याला बजावलं आहे, नाहीतर माझ्या अक्षरांत पाव किलो चीज बांधलं जाईल.

रविवारी काय झालं ते मी पुन्हा सांगतो, कारण तू ताईला जे सांगितलंस आणि जे घडलं, त्यांचा परस्परांशी फारसा परिचय नाही. शुक्रवारी तुझ्या अर्जावर संशोधन परिषदेचा निकाल लागला: पात्र आहे, शिफारस करण्यात येत आहे, जागा नाही. गेल्या वर्षीही हेच, याच क्रमाने. रविवारी आपण सासूबाईंच्या अंगणात जमलो. मी निखाऱ्यांवरच्या बरगड्या उलटवत होतो, आणि उलटवता उलटवता एवढंच म्हणालो, की आमच्या लिंबांच्या पॅकिंगशेडला किड्यांचा जाणकार माणूस हवा आहे.

"दाजी," तू म्हणालास, "पंधरा वर्षं संशोधन केलं ते लिंबं मोजायला?"

"मोजायला यंत्र आहे. तुला बघायला बोलावतायत."

"काय बघायला?"

"अळी आहे की नाही ते."

यावर तू बशी खाली ठेवलीस, टाचण्या टोचलेल्या किड्यांची पेटी गाडीत घातलीस आणि डोंगरावरच्या घरात जाऊन बसलास. सासूबाईंनी तुझं ताट संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं आणि मग मला वाढलं. थंड बरगडी काय लायकीची असते हे तुला वेगळं सांगायला नको.

तुला वाटतं, हा शेडमधला कारकून मला काय शहाणपण शिकवणार. तेव्हा आठवण करून देतो: मीही डॉक्टर आहे. न्यायशास्त्रातल्या 'अभाव' या पदार्थावर मी पुण्यात चारशे पानं लिहिली. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशानं कळतं? घडा दिसत नाही म्हणून, की त्याचं 'नसणं'च दिसतं म्हणून? यावर आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेंड्या उपटल्या. पुढे तुझ्या बहिणीशी लग्न करून मी सातासमुद्रापार इथे आलो, आणि या प्रांताने माझ्या विद्वत्तेला एकच प्रश्न विचारला: योगासनं शिकवता का? नाही म्हणालो. आज मी निर्यातीचे कागद भरतो, आणि प्रत्येक कागदावर लिहितो: या मालात अळी नाही. म्हणजे चारशे पानांचा माणूस रोज अभावाचं प्रमाणपत्र देतो. आपली विद्या इतकी तंतोतंत वापरणारा दुसरा डॉक्टर तुझ्या परिषदेत असला तर दाखव. पगारपत्रकावर ते माझं 'वामन' हे नाव 'ग्वामान' असं, डोंगरी आडनावासारखं लिहितात आणि मला वरच्या डोंगराकडचा समजतात. मी दुरुस्त करत नाही. डोंगराकडच्यांना इथे भांडकुदळ मानतात, त्याचा उपयोग होतो.

असो. तुझी पाठ्यवृत्ती जूनअखेर संपते. परिषद पुढच्या वर्षी 'जागा आहे' म्हणेल याला धुराइतकाही आधार नाही, मग आगीचं अनुमान कशावरून करतोस? शेडमध्ये मात्र जागा आहे, एकच आहे, आणि हंगाम भरात येण्याआधी, मे उजाडताच ती भरणार आहे. तिथल्या मुख्य इंजिनियरीणबाई, नोरा सेलाया, यांना मी तुझ्यासाठी शब्द दिला आहे. त्यांना एक पान पाठव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण एक पान पाठव.

ताई म्हणते स्वेटर घाल.

तुझा,
वामन


तुकुमान, २३ एप्रिल

एकोणचाळीस पानांच्या धन्यास,

मी एक म्हणालो होतो.

तू मला उत्तर दिलं नाहीस आणि थेट नोराबाईंना पाठवलंस, हे ठीक. सासूबाई फोनवर रडल्या म्हणून पाठवलंस की डोंगरावरचं सरपण संपलं म्हणून, यात मी शिरत नाही. पण मंगळवारी बाईंनी मला आत बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर तुझं चरित्र पडलं होतं आणि ते वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर काहीही ठेवावं लागलेलं नव्हतं.

"ग्वामान, हे काय आहे?"

"माझ्या मेव्हण्याची माहिती."

"कितव्या जन्मापासूनची?"

त्यांनी मधलंच पान उघडलं. "'परिसंवादाच्या कॉफी समितीचा सदस्य.' कॉफी करतो का?"

"नाही. ती कुणी करावी हे ठरवणारी समिती असते."

"आणि हा लेख? 'परीक्षणाधीन.' सात वर्षांपूर्वीची तारीख आहे."

"परीक्षक काळजीपूर्वक वाचत असतील."

"मला एक सांग. हा गांधीलमाशीचा तज्ज्ञ आहे ना? गांधीलमाशी लिंबाला त्रास देते?"

"नाही बाई. ही मुंगीहून लहान असते. फळमाशीची अळी शोधते आणि तिच्या पोटात अंडी घालते."

"म्हणजे अळीला मारते?"

"मारते."

"अळी कुठे लपलीये ते हिला कळतं, आणि हिला कसं कळतं ते तुझ्या मेव्हण्याला कळतं?"

"बरोबर."

"मग हे पहिल्या पानावर का नाही?"

"पहिल्या पानावर आभार आहेत."

लिसांद्रो, बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "याला लोकांची इतकी भीती का वाटते?" मी तेव्हा काहीतरी थातुरमातुर बोलून निसटलो. तो प्रश्न तुझ्याकडे पोचता करतो आहे.

मग मी खुर्चीत बसून तुझ्या एकोणचाळीस पानांचं एक पान केलं. दुसऱ्याचं अपत्य कापून लहान करणं सोपं नसतं; उपमा देत नाही, तुला त्यांचा वैताग येतो. खाली फक्त तीन गोष्टी उरल्या: फळमाशीची अळी ओळखतो, ती कुठे सापडते ते जाणतो, ती कशाने मरते ते जाणतो. बाई म्हणाल्या, 'डॉक्टर' हा शब्दही काढून टाक, मालकांना वाटतं असली माणसं चार दिवसांत कंटाळून पळतात. तो मी काढला नाही. पंधरा वर्षांनी मिळालेला एक शब्द आहे, कापायचा तर तूच काप.

मेच्या दोन तारखेपासून महिनाभर तुला आजमावून पाहणार आहेत. गळपट्टी बांधू नकोस, यंत्रात अडकते. कुणी काही विचारलं तर 'ते कशावर अवलंबून आहे' अशी सुरुवात करू नकोस. आणि नासीफ नावाचे एक म्हातारे बागायतदार भेटतील, त्यांना डॉक्टर म्हणजे औषध देणारा एवढंच ठाऊक आहे. ते गुडघा दाखवतील. बघ आणि मान हलव.

वामन


तुकुमान, १८ मे

लिसांद्रो,

आज मायना नाही. सुचला होता, ताईने खोडायला लावला.

तू पुन्हा वर जाऊन बसलास. जाताना ताईला म्हणालास की "दाजींनी मला अशा लोकांत नेऊन टाकलं, ज्यांना शास्त्र म्हणजे काय ते कळत नाही." बरं. आता त्या अडाणी लोकांच्या बाजूने काय दिसलं ते ऐक.

बुधवारी नासीफचा ट्रक आला. मूठभर लिंबं कापायला घेतली, त्यांत एक तडकलेलं निघालं आणि त्यात अळी. सगळी शेड थांबली. फळमाशीची असेल तर अख्खा ट्रक बाद, आणि नासीफची बाग यंदापुरती यादीतून बाहेर. नसेल तर तडकलेलं लिंबू फेकून द्यायचं आणि माल बंदराकडे. जहाज शनिवारी सुटणार होतं. तुला बोलावलं. तू भिंग लावलंस. मी शेजारीच होतो. इतका वेळ लागला नाही की मी चष्मा पुसावा.

जेवणाच्या सुट्टीत मी तुला विचारलं. तोंडात एम्पानादा, आमच्या भाषेत खिम्याची करंजी, होती तुझ्या, तरी स्वच्छ म्हणालास: "फळमाशी नाही, दाजी. व्हिनेगरवर चिलटं बसतात ना, त्यातली. शेपटाला दोन नळ्या आहेत. फळमाशीला नसतात अशा. आणि फळमाशीची अळी टेबलावर ठेवली की उड्या मारते. ही बापडी रांगतेय."

"नक्की?"

"आंधळ्यालासुद्धा दिसेल."

मी निश्चिंत झालो. पुढे होऊन कागद भरून ठेवला, फक्त तुझ्या सहीची जागा सोडली. दुपारी सही नाही. संध्याकाळी नाही. गुरुवारी सकाळी नोराबाई तुझ्या दाराशी उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं की तू त्या रांगणाऱ्या बापडीवर चौदा पानं लिहिली आहेस. आणि ती विद्यापीठात पाठवली आहेस. परीक्षणाला. दोन परीक्षकांकडे.

लिसांद्रो! ट्रक दारात उभा होता! त्यात लिंबं होती! लिंबांना परीक्षणाची सवय नसते.

पहिलं उत्तर तुझ्या जुन्या मार्गदर्शक बाईंचं आलं. माउलीने सगळं मान्य करून शेवटी लिहिलं, 'मात्र नमुना एकच आहे.' अर्थात एकच आहे! आणखी अळ्या असत्या तर आम्ही आनंदाने नाचलो असतो का? दुसरा परीक्षक गुप्त. शुक्रवारी दुपारी त्याचं आलं: निष्कर्ष घाईचा आहे, अळी मोठी होऊन तिची माशी होईपर्यंत वाढवावी, आणि पुढील तीन लेख अवश्य पाहावेत. तिन्ही लेख रोमानोचे. म्हणजे गुप्त परीक्षक कोण हे शेडमधल्या मांजरालाही कळलं. ज्या रोमानोला गेल्या वर्षी तुझ्याऐवजी परिषदेची जागा मिळाली, त्या रोमानोच्या परवानगीसाठी तू नासीफचा ट्रक उभा करून ठेवलास.

त्यानंतरचं बोलणं मी दाराआडून ऐकलं. मुद्दाम ऐकलं.

"डॉक्टर, मला एक शब्द हवाय. आहे की नाही?"

"बाई, उपलब्ध पुराव्यावरून फळमाशीची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, असं म्हणणं अधिक..."

"शक्यता मी नाकारते! तुम्ही अळी नाकारा!"

"दहा दिवस द्या. वाढवून बघतो."

"दहा दिवसांनी मी जहाजाला काय सांगू? पोहत ये?"

जहाज गेलं. लिंबं रसाच्या कारखान्यात गेली, पिळायला. नासीफ ट्रकमधून उतरले, टोपी काढली, तुझ्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, लिंबं झाडावर पिकतात. मासिकात नाही." आणि गेले. ओरडले असते तर तूही ओरडला असतास आणि प्रकरण मिटलं असतं. मला तुझा चेहरा दिसला. पुढचं लिहीत नाही.

आमच्याकडे 'काकदंतपरीक्षा' असा एक शब्द आहे: कावळ्याला दात किती, याची चिकित्सा. पण तो शब्दही तुला लागू पडत नाही. कावळ्याचे दात मोजणाऱ्याला निदान उत्तर ठाऊक नसतं. तुला ठाऊक होतं. घास गिळायच्या आत ठाऊक होतं. मग ते कागदावर का नाही उतरलं? मला याचं उत्तर हवंय, आणि कृपा करून चौदा पानांत नको.

अळीची बरणी तू आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवून गेलास. ताईने त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'हा मुरंबा नाही.'

वामन


तुकुमान, ३१ मे

लिसांद्रो,

तुझा कागद मिळाला. रोकेने सांगितलं, तू बसच्या मागे धावत येऊन दिलास आणि मग परत मागू लागलास. त्याने दिला नाही. शहाणा माणूस.

एवढ्याशा चार ओळी. मी त्या ताईला वाचून दाखवल्या नाहीत. तू लिहितोस, 'दाजी, पंधरा वर्षांत मी एकही वाक्य असं लिहिलेलं नाही, जे दुसऱ्या कुणी आधी तपासलेलं नव्हतं. पेन उचललं आणि हात थांबला. मला ठाऊक होतं. पण माझं ठाऊक असणं पुरेसं आहे, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.'

यावर माझ्याकडे चेष्टा नाही. शोधली, सापडली नाही.

म्हणून बातम्या देतो. बरणीतून माशी निघाली. काल सकाळी ताई किंचाळली. मी भिंग नसल्यामुळे तुझ्या आईचा जवळचा चष्मा लावून पाहिलं: लालभडक डोळे, बोटभरही नाही, नखभर म्हणावं तर नखाचा अपमान. चिलट. तू त्या बुधवारी एम्पानादा चावता चावता जे म्हणालास, तेच. ताई म्हणाली, "म्हणजे रोमानो चुकला?" मी म्हटलं, रोमानो चुकला नाही, त्याने नुसता वेळ मागितला, वेळ मागणारा कधीच चुकत नाही, ही त्यातली मेख आहे. ताई म्हणाली, "वामन, तुझं शास्त्र राहू दे, माझ्या भावाला खाली आण."

तेव्हा आज बरणी घेऊन मी नोराबाईंकडे गेलो. एका कारकुनाने मेलेलं चिलट साहेबिणीच्या टेबलावर ठेवावं, हे माझ्या नोकरीच्या नियमांत कुठेच बसत नाही. त्यांनी बरणी उजेडात धरली.

"त्याला आधीच माहीत होतं?"

"जेवणाच्या सुट्टीत मला सांगितलं होतं."

"आणि तू मला नाही सांगितलंस?"

"माझी सही चालत नाही, बाई. मी फक्त 'नाही' लिहितो, 'नाही' आहे की नाही ते ठरवत नाही."

त्या उठून खिडकीशी गेल्या. "याच्या आधीचा माणूस," त्या म्हणाल्या, "मी विचारलं की माझ्या तोंडाकडे बघायचा. मला काय हवंय ते ओळखून सांगायचा. तुझा मेव्हणा निदान अळीकडे बघतो. सोमवारपर्यंत जागा ठेवते. पण त्याला सांग, कागदावर एकच सही बसते. त्याची. विद्यापीठाला एक ओळ गेली तर मी तुम्हा दोघांनाही पेटीत भरून बंदराला पाठवेन."

नासीफनाही विचारलं. म्हणाले, मी त्याला क्षमा केलेली नाही आणि करणारही नाही. पण खोटी सही करून माल सोडणारा परवडला नसता, तिकडे परदेशी बंदरात पकडलं तर सबंध प्रांताची लिंबं परत येतात. मग पँट वर करून म्हणाले, त्याने सांगितलं तसं गुडघ्याला शेकतोय, उतार आहे. तू काय सांगितलंस त्यांना? मी मान हलव म्हटलं होतं!

सोमवार. रोकेची पहिली बस. मी पुन्हा लिहिणार नाही, माझा हात आता निर्यातीच्या कागदांपेक्षा तुझ्यासाठी जास्त झिजतो आहे.

वामन


पॅकिंगशेड, १९ जून
(तुझ्या टेबलावर, भिंगाखाली ठेवून जातो आहे)

लिसांद्रो,

तू समोरच्या खोलीत आहेस. तरी लिहितो, कारण अजून तू माझ्याशी फक्त 'कागद' आणि 'शिक्का' हे दोन शब्द बोलतोस.

आजचा तुझा अहवाल वाचला. संपूर्ण उद्धृत करतो: 'अळी आहे. फळमाशीची नाही. माल जाऊ द्या. लि. मेदिना.'

शेवटच्या वाक्यानंतर तू पेन इतकं दाबलं आहेस की खालच्या कागदावर भोक पडलं. तो कागद माझा होता. दुसरा भरावा लागला.

कडू मातेचा, तुमच्या त्या पाल्याच्या चहाचा, तुंबा तयार ठेवला आहे. यायचं तर ये. त्यालाही परीक्षक लागत नाही.

वा.


तुकुमान, २० ऑगस्ट

लिसांद्रो,

तू सुट्टीसाठी ताफीला गेला आहेस हे बरं झालं. समोर असतास तर मी ओरडलो असतो, आणि पन्नाशीनंतर ओरडलं की दोन दिवस घसा बसतो. म्हणून पुन्हा रोके.

काल रात्रीच्या जेवणाला ताई सहज, मीठ मागावं तशी म्हणाली, "लिसांद्रोला परिषदेचं बोलावणं आलं होतं. फेरविचारात जागा दिली त्यांनी. त्याने नको कळवलं."

"कधी?"

"झाले पंधरा दिवस."

पंधरा दिवस! पंधरा दिवस तू माझ्यासमोर बसून मातेचे घुटके घेतोस, नासीफच्या गुडघ्यावर चर्चा करतोस, आणि मला एक अक्षर नाही? अरे गाढवा, ज्या जागेसाठी तू तारुण्य घालवलंस, ज्या जागेपायी माझ्या वाट्याला थंड बरगडी आली, ती जागा दारात येऊन उभी राहते आणि तू तिला एका ओळीत वाटेला लावतोस? ती ओळही ताईने दाखवली मला. 'आपल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे. मी तो स्वीकारत नाही. लि. मेदिना.' कारण नाही. संदर्भ नाहीत. तळटीप नाही! परिषदेत आजवर इतकं छोटं काही कुणी वाचलं नसेल. अपूर्ण समजून परत पाठवतील, बघ.

मला विचारायचं होतंस. मी काय म्हणालो असतो ते महत्त्वाचं नाही. माझी दोन्ही उत्तरं तयार होती. घे म्हणायची कारणं आणि नको म्हणायची कारणं, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं. एप्रिलपासून तयार होतं. ते आता कुठे ठेवू?

ताईला मी हे सगळं ऐकवलं. ती ताटं गोळा करत होती. म्हणाली, "तूच त्याला सांगितलंस ना, दुसऱ्याला विचारत बसू नकोस म्हणून?"

"दुसऱ्याला! मी दुसरा आहे का?"

"हो," ती म्हणाली, आणि नळ सोडला.

मग मी तिला विचारलं, त्याने का सोडली ते तरी सांगितलं का? तर तू तिला म्हणाला होतास: "ताई, तिथे मी अजून पाच वर्षं विचारत राहिलो असतो, मी बरोबर आहे ना? इथे सकाळी मला विचारतात आणि दुपारी ट्रक जातो." आणि म्हणे हसलास. हे ऐकून मी जरा वेळ अंगणात जाऊन उभा राहिलो. इथल्या ऑगस्टची थंडी होती, स्वेटर आत होता, तरी उभा राहिलो.

आता एक सांगतो आणि मग हा विषय तुझ्या माझ्यात संपला. मी असतो तर घेतली असती. धावत गेलो असतो, पायात चपला न घालता. तुला लिंबांकडे ढकलत होतो तेव्हाही मला हे ठाऊक होतं. या प्रांतात माझ्या विद्येची जागाच नव्हती, त्यामुळे मला कधी कुणी काही देऊ केलं नाही. लोक विचारतात, प्राध्यापकी सोडून इकडे कसे आलात? मी ऐटीत म्हणतो, सोडली. पण जे हातात नव्हतं ते माणूस सोडतो कसं? आमच्या शास्त्राप्रमाणे तर ज्या गोष्टीचं नसणं सांगायचं, ती गोष्ट आधी कुठेतरी असावी लागते. तुझ्या हातात ती होती. तू सोडलीस. माझ्या ओळखीत हे करणारा तू पहिलाच, आणि नेमका माझा मेव्हणा निघालास.

सासूबाईंना काल सांगितलं. आधी पदर... नाही, स्वयंपाकाचा टॉवेल डोळ्यांना लावला: "म्हणजे माझा मुलगा आता कधीच प्रोफेसर होणार नाही?" मी समजूत काढायला शब्द जुळवत होतो, तोवर कुंपणापलीकडच्या शेजारीण बाई दिसल्या. सासूबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला, हनुवटी वर केली आणि मला ऐकू आलं, "माझ्या लिसांद्रोला बोलावलं होतं त्यांनी! पाय धरले! तो नाही म्हणाला!" प्रोफेसर झाला असतास तर हा दिमाख त्यांना जमला नसता. प्रोफेसर गल्लीत आणखीही आहेत.

मी मात्र रागावलेलो आहे, हे नीट लक्षात ठेव. सोमवारी तू परत येशील, नासीफचा हंगामातला शेवटचा ट्रक लागेल, तू भिंग लावशील. मी शेजारी बसून कागद भरेन, सहीची जागा सोडेन आणि तोंडातून चकार शब्द काढणार नाही. 'शाबास' तर मुळीच नाही.

तुझा,
वामन